पडायची तालीम

माझ्या हॉटेलात एक बाकडं होतं. पोलादपूरच्या मोटारस्टँडसमोर चहा विकायचा म्हणजे दोन मोटारींच्या मधे नुसता कंटाळा. म्हणून त्या बाकड्याचा एक पाय मी मुद्दाम ढिला ठेवलेला. गावची माणसं तिथं बसायची नायत. नवं गिऱ्हाईक आलं की मी तेच बाकडं फडक्यानं पुसायचो, "या शेट, बसा" म्हणायचो, हातात गरम कप द्यायचो आणि भट्टीकडं तोंड करून उभा राहायचो. मागं धाडकन आवाज आला की अख्खा स्टँड खूश.

हैबती त्याच बाकड्यावर बसला. महाडकडनं आलेल्या मोटारीतून उतरला होता. चाळिशीचा गडी, मान खांद्यात रुतलेली, दोन्ही कान चुरगळलेले, म्हणजे पैलवान, आणि एक गुडघा धड वाकत नव्हता. बायको बनुबाई बाहेर बोचक्यांवर बसून राहिली. मी कप दिला आणि पाठ फिरवली.

आवाज आला, पण धाडकन नाय. कुणीतरी जोरात चापट मारावी तसा आला. वळून बघतो तर हा पाठीवर पडलेला, हनुवटी छातीला लावलेली, एक हात पसरून जमिनीवर आपटलेला. दुसऱ्या हातात कप, आणि कपात चहा तसाच.

तो उठला. चहा प्यायला. मग म्हणाला, "बाकड्याचा पाय ढिला हाय."

"हाय का? बघायला पाहिजे," मी म्हटलं.

"नको दुरुस्त करूस. पोरं शिकायला लागली की आणतो हितं."

त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली. माझ्या बाकड्याची कदर करणारा तो पहिला माणूस.

हा हैबती मूळचा आमच्याच वरच्या वाडीतला. मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला गेला, तिथं तालमीत घुमला, लहानमोठ्या कुस्त्या मारल्या आणि शिवडीला एका जपानी कंपनीच्या कापसाच्या गोदामात हमाल म्हणून लागला. तिथं ओकादा नावाचा कारकून होता. "आपल्या टपालवाल्याएवढा बारका," हैबती सांगायचा, "चष्मेवाला. एकदा गमतीत त्याला उचलायला गेलो. मी उचलायच्या आधीच कापसाच्या ढिगात पडलेलो, आणि हा वरनं वाकून विचारतोय, लागलं का म्हणून."

झालं. आमचा पैलवान त्या चष्मेवाल्याच्या पायाशी बसला. पण ओकादा एकही डाव दाखवेना. पहिला अख्खा पावसाळा त्यानं हैबतीला नुसतं पडायला लावलं. मागं पड, पुढं पड, कुशीवर पड, हात आपट, ऊठ, पुन्हा पड. डाव त्याच्यानंतर. त्या विद्येला हैबती जुडो म्हणायचा, गाव म्हणायचं जपानी कुस्ती. पुढं एक दिवस कापसाची गाठ घसरून गुडघ्यावर आली. ओकादाही आपल्या मुलखात परत गेला. मग हैबती बायकोला घेऊन गावी आला. डोक्यात एकच होतं, तालीम काढायची आणि दोन्ही विद्या शिकवायच्या, सकाळी मातीत आपली आणि तिसऱ्या प्रहरी पेंढ्यावर जपानी.

पेंढ्यावर म्हणजे खरंच भाताच्या पेंढ्यावर. रावजी खोतांचं एक जुनं कोठार रिकामं होतं. त्यांचा थोरला सहदेव अंगानं चांगला, त्याला पैलवान करायचा म्हणून त्यांनी ते दिलं. अर्ध्यात हौदा खणला. लाल माती चाळून त्यात तेल, ताक, हळद घातली. उरलेल्या अर्ध्यात पेंढा दाबून बसवला आणि वरून बनुबाईनं गोणपाटं शिवून ताणली. जपानी कुस्तीत एकमेकांचे कपडे धरून डाव टाकतात, म्हणून तिनं पोरांना जाड मांजरपाटाचे अंगरखे पण शिवले.

मी एवढी संधी सोडतो का? स्टँडवर सांगत सुटलो, "वस्ताद अंगरखा घालून कुस्ती शिकवतो. आता पोलादपुरात लग्नाला लंगोट घालून जायचं!"

हसायला गाव तयारच होतं. आणि हसू कशाचं येत होतं तर पडण्याचं. आमच्याकडं कुस्ती म्हणजे काय? समोरच्याची पाठ मातीला लावायची आणि आपली लागू द्यायची नाय. इथं हा वस्ताद पोरांना रांगेत उभं करून म्हणतोय, "पडा." धप धप धप, सगळी उताणी. आया बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून परत जायच्या. सहदेवची आजी ठकूबाई एकदा काठी टेकत आली, नातवाला उताणा बघितला आणि वस्तादाला म्हणाली, "मेल्या, हे तर त्याला जन्मल्या दिवसापासून येतंय. त्याला माझा रावजी दूध कशाला पाजतोय रे?"

हैबती रागावला नाय. तो सहसा रागवायचाच नाय. म्हणाला, "आजे, तू मागल्या पावसाळ्यात अंगणात घसरलीस. हात मोडला ना?"

"मोडला. मग?"

"मग तू पण ये."

म्हातारी काठी उगारून हसली. पण रावजी खोत हसत नव्हते. माणूस वाईट नव्हता, पण चार माणसांत मान खाली जाणं त्यांना सोसायचं नाय. महाडच्या बाजारात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "खोत, तुमचा सहदेव पडायला कधी पास होणार?" त्याच पावली ते कोठारात आले. मी चहाची किटली घेऊन तिथंच होतो.

"हैबती," ते म्हणाले, "महाडला छबिन्याच्या जत्रेत सहदेव उतरेल, बिरवाडीच्या सोनबावर. जिंकला तर हे कोठार तुझं, मी हयातीत मागायचा नाय. हरला तर मी हितं भात भरतो."

"सोनबा भारी हाय, दादा. आणखी एक साल द्या."

"एक साल लोकांची तोंडं कोण धरील? तू?"

खोत गेल्यावर हैबती मला म्हणाला, "पांडू, हे गेलं तर मला काय येतंय रे दुसरं? या गुडघ्यानं हमाली होणार नाय. मुंबईला कुणाच्या तरी दारावर पहाऱ्याला बसायचं. ओकादानं जे दिलं ते माझ्यातच सडून जाईल."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्यासारख्याला हे सोपं नसतं.

मग त्यानं सहदेवला मातीत घातलं. पट, ढाक, कलाजंग, सगळं आपलं. पेंढ्यावरचं बंद. फक्त पडणं तेवढं रोज चालू. सहदेवला मात्र पेंढ्यावरचाच एक डाव वेड लावून बसलेला. समोरचा अंगावर रेटत आला की त्याचे हात घट्ट धरायचे, त्याच्या पोटात पाय लावायचा आणि आपणच मागं पाठीवर लोळायचं. समोरचा आपल्या डोक्यावरून पलीकडं जातो. हैबतीनं त्याला नाव दिलं होतं रहाट. खालचा पोहरा वर येतो, वरचा खाली जातो, तसं.

"वस्ताद, रहाट जत्रेत मारला तर?" सहदेवनं विचारलं.

"खुळा का तू? रहाटात पहिली पाठ कुणाची लागते?"

"माझी."

"मग? जपानात ते चालतं. तिथं कोण जोरात फेकला गेला ते बघतात. महाडात काय बघतात?"

"पाठ."

"हां. मातीत रहाट नाय. पुन्हा बोल."

"मातीत रहाट नाय," सहदेव म्हणाला. पण तोंडानं बोललेलं अंगाला कळतंच असं नाय.

छबिन्याला महाडात माणूस मावत नव्हता. आम्ही सकाळीच बैलगाड्यांनी पोचलो. दुपार कलल्यावर वीरेश्वराच्या देवळाच्या बाजूला हलगी घुमायला लागली. बारक्या जोड्या सुटल्या आणि मग सोनबा आणि सहदेव. सोनबा म्हणजे काळा दगड. त्याच्या मागं बिरवाडीचा महिपती वस्ताद उभा, पांढऱ्या मिशा, डोक्याला गुलाबी फेटा. खोत पुढच्या रांगेत. हैबती हौद्याच्या कडेला उकिडवा बसला, म्हणजे चांगला गुडघा दुमडून आणि दुसरा लांब काढून.

सलामी झाली. बराच वेळ नुसती खडाखडी, एकमेकांचे हात झटकत अंदाज घेणं. मग सोनबानं पट काढला, खाली झुकून मांडीला हात घातला. सहदेव निसटला. पुन्हा काढला. पुन्हा निसटला. आमच्या माणसांचे ओरडून ओरडून घसे बसले. मी तर कशेडी घाटातल्या गाडीवानासारखा हाका घालत होतो. हळूहळू सहदेवचा दम सरत आला. सोनबा खांदा छातीला लावून त्याला रेटत कडेकडं आणायला लागला. कडेची गर्दी आत घुसली, पंच त्यांच्याकडं वळला, दोन्ही हातांनी लोकांना मागं ढकलायला लागला.

आणि तेवढ्यात झालं. सोनबानं शेवटचा रेटा दिला आणि सहदेव नाहीसा झाला. नाहीसाच म्हणायचं. खाली गेला, पाय वर आला आणि तो काळा दगड त्याच्यावरून उडत जाऊन पलीकडं आदळला. असा आदळला की हलगीवाल्याचा हात थांबला. सोनबा तिथंच खांदा धरून कळवळत पडला. सहदेव मागच्या मागं लोळून उभा राहिला, दोन्ही हात वर.

लोकांनी आभाळ डोक्यावर घेतलं. फेटे उडाले. रावजी खोत आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले.

महिपती वस्ताद मात्र हौद्यात उतरला. "पंच! ह्याची पाठ आधी लागली!"

"कुणाची? उभा कोण, आडवा कोण, बघा की!" आमच्यातला चांगू गाडीवान ओरडला.

पंच आमच्याकडं बघे, बिरवाडीकडं बघे. त्याची पाठ होती तिकडं, त्यानं काही बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं. पण मी पोलादपूरचा. शपथा माझ्याकडं पोत्यानं असतात, कुठलीही काढून दिली असती.

आमच्या भागात अशा वेळची एक रीत होती. पंचाला दिसलं नाय तर जो पैलवान उभा असेल त्याच्या वस्तादानं हौद्यातली मूठभर माती उचलायची आणि निकाल बोलायचा. तो बोलेल ते दोन्ही गावांना कबूल. खरं सांगायचं तर तो नुसता मानाचा प्रकार. माती उचलायची, "आमचा जिंकला" म्हणायचं आणि जेवायला जायचं. समोरचे लोक चार शिव्या देतात, पण भांडण मिटतं. आपल्या पैलवानाच्या विरुद्ध कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं.

"बोला वस्ताद," पंच म्हणाला. त्यालाही भूक लागली असणार.

हैबती उठला, लंगडत हौद्यात गेला, वाकून माती घेतली. मग उभा राहून नुसता सहदेवकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला तेव्हा कळलं नाय. भीती नव्हती. लग्नात नवऱ्या मुलाचा बाप बघतो ना, तसं काहीतरी.

"अरे बोल की!" खोत म्हणाले.

"आमच्याची पाठ आधी लागली," हैबती म्हणाला. "दोन्ही खांदे लागले. सोनबा जिंकला."

बिरवाडीवाल्यांना जिंकल्याचं ओरडायचं सुद्धा सुचेना. मग खोत उठले, जोडे पायात घातले आणि मागं न बघता गाडीकडं चालायला लागले.

सहदेव सावित्री नदीवर अंग धुवायला गेला. हैबती त्याच्या मागं, आणि त्या दोघांत मारामारी झाली तर बघायला म्हणून मी. सहदेव पाण्यात उभा राहून रडत होता.

"आमचा जिंकला म्हणायचं होतंत," तो म्हणाला. "नुसतं तेवढं. बाबा आयुष्यभर तोंड बघणार नायत माझं. तुमचं कोठार गेलं, वस्ताद. तुमचं! तुम्हाला काय कळतं का?"

"कळतंय. तुला रहाट मारू नको म्हणून सांगितलं होतं."

"मी मारला नाय. तो झाला."

"तेच!" हैबती एकदम पाण्यात उतरला, धोतरासकट. "तेच विचारतोय रे. झाला म्हणजे कसा झाला? पाय कुठं लागला त्याच्या? बेंबीच्या वर का खाली?"

सहदेव रडायचा थांबला. "खाली."

"आणि हात? अंगरखा नव्हता, घामानं बुळबुळीत अंग, धरलंस काय?"

"दंडाच्या वर. काखेच्या जवळ."

"काखेच्या जवळ," हैबती स्वतःशी म्हणाला. त्यानं सहदेवचे दंड तिथंच पाण्यात धरून बघितले. "अरे, उघड्या अंगावर हा डाव बसत नाय म्हणून मी सोडून दिला होता. ओकादाला पण जमला नसता. इतकी वर्षं या विद्येत घातली, असा रहाट मी डोळ्यांनी बघितला नव्हता. पाठ लागली कधी ते मला दिसलं ते त्याच्यामुळंच. डोळा हलत नव्हता रे माझा." आणि तो वेड्यासारखा हसायला लागला. सहदेव त्याच्याकडं बघत राहिला. राग धरून ठेवायचा त्याचा विचार होता, पण तो त्याला जमेना. म्हणाला, "पण हरलो ना, वस्ताद."

"हरलास. चांगलाच हरलास."

मी काठावर बसून दोघांना बघत होतो. एकाचं घर तुटायला आलेलं, दुसऱ्याची तालीम गेलेली, आणि हे बेंबीच्या वर का खाली करतायत. मला उगाचच माझ्या हॉटेलाची आठवण आली. एवढी वर्षं चहा करतोय, पण एखादा कप असा झाला की त्याच्यापायी दुकान गेलं तरी चालेल, असं काय कधी झालेलं नाय.

खोतांनी शब्द पाळला. शिव्या नायत, तमाशा नाय. एका सकाळी चार गाड्या भात येऊन उभा राहिला. हौदा बुजला. हैबतीनं गोणपाटं सोडवली, पेंढा भाऱ्यांत बांधला आणि सगळं माझ्या हॉटेलामागच्या पडवीत आणून टाकलं. पोरांच्या आयांनी पोरं घरी ठेवून घेतली. सहदेवला बापानं भाताच्या राखणीला बसवलं, त्याच कोठाराच्या दारात. बनुबाईनं बोचकी बांधायला घेतली. दासगाव बंदराला जायचं आणि तिथून बोट धरून मुंबई. कुठंतरी पहाऱ्याची नोकरी बघायची.

"वहिनी, एवढे अंगरखे शिवलेत त्यांचं काय करणार?" मी विचारलं.

"तुमच्या लग्नवाल्यांना द्या," ती म्हणाली. "लंगोटावर घालायला." माझीच थट्टा माझ्या गळ्यात, आणि हसायला पण येईना.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी महाडची मोटार आली आणि तिच्यातून गुलाबी फेटा उतरला. महिपती वस्ताद, एकटाच. मी नेमका त्या बाकड्याकडं हात करणार होतो, पण त्याचं तोंड बघून दुसरं दिलं. तो चहा न पिताच बोलला.

"तुमचा वस्ताद कुठाय?"

हैबती पडवीतून आला. दोघांनी रामराम केला.

"सोनबाचं खांद्याचं हाड मोडलं," महिपती मिशा ओढत म्हणाला. "वैद्य म्हणतो हा हात आता कुस्तीचा नाय. माझा पोरगा जिंकला आणि घरी पडून हाय. तुमचा हरला. तो पण तेवढाच आपटला ना मातीत? तो उठून उभा राहिला आणि हात वर केले. त्याला कसं लागलं नाय?"

"त्याला पडायला येतं."

"हां. तेच मी घरी बसून विचार करतोय." त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. डोकं पार टकलं होतं. "आजवर माझी किती पोरं मोडली, हैबती. कुणाचा हात, कुणाची मान. एक तर गेलाच. आम्ही म्हणायचो, कुस्ती हाय, चालायचंच. बिरवाडीला माझी तालीम हाय, मोठी हाय. येतोस का? पोरांना पडायला शिकव."

आत बनुबाईचा बोचक्याची गाठ मारायचा आवाज थांबला.

"पोरं नाय ऐकायची," हैबती म्हणाला. "हितल्यांनी ऐकलं नाय, तिथली काय ऐकतील? हसतील."

"मी सांगितलं तर ऐकतील."

"सांगून नाय. वस्ताद पडलेला बघितला तर ऐकतील."

महिपतीला आधी समजलं नाय. समजलं तेव्हा तो उठून उभाच राहिला. "मी? अरे, माझी पाठ अजून कुणी... साठी आली माझी!"

"म्हणून तर. हाडं जपायला पाहिजेत."

मी तोंडात फडका कोंबला.

मागच्या पडवीत हैबतीनं एक भारा सोडला, पेंढा पसरला, वर गोणपाट टाकलं. महिपतीनं अंगरखा काढून खुंटीला अडकवला, धोतर खोचलं आणि गोणपाटावर जाऊन उभा राहिला. म्हातारा अजून डौलदार होता. हैबतीनं सांगितलं, हनुवटी छातीला, हात असा, जाग्यावर बसल्यासारखं व्हायचं आणि मागं सोडून द्यायचं. महिपतीनं मान हलवली आणि तसाच उभा राहिला.

त्याचे गुडघे वाकायचे आणि पुन्हा ताठ व्हायचे. एकदा अर्धा बसला, पण आपोआप अंग वळवून पालथा झाला, पैलवान पाठ वाचवतो तसा. उठला. पुन्हा तेच. कपाळाला घाम आला. बनुबाई दारात येऊन उभी होती, ती मुकाट्यानं आत गेली. मी पण मान वळवून अंगणातल्या कोंबड्या बघायला लागलो. आपल्यासारखा माणूस सुद्धा कधीकधी बघत नाय.

"नाय होत रे," महिपतीचा आवाज आला. "अंगच ऐकत नाय."

"माझं पण ऐकत नव्हतं," हैबती म्हणाला. "मी मागं उभा राहतो. टेकू देणार नाय, नुसता उभा राहतो."

मग पेंढा खचल्याचा आवाज आला आणि त्याच्यानंतर, जरा उशिरानं, हात आपटल्याचा. वळून बघितलं तर बिरवाडीचा महिपती वस्ताद उताणा पडून पडवीच्या कौलांकडं बघत होता. आश्चर्य वाटल्यासारखा.

"हात उशिरा आला," हैबती म्हणाला. "उठा."